दोन पात्या आणि दोन पक्ष

गेल्या दिवाळीत पुण्याहून आमचे मावसभाऊ सहकुटुंब धारला आले होते. किल्ला झाला, मांडू झाले, सकाळच्या पोहे-जलेबीचे कौतुक झाले. मग एक दिवस देवासला टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेलो. बडी माता आणि छोटी माता, दोन्ही दर्शने आटोपून खाली शहर बघत बसलो असता आम्ही त्यांना देवासच्या दोन पात्यांची गोष्ट सांगितली. ती ऐकून दादा हसले आणि म्हणाले, "म्हणजे दोनाची सवय तुम्हांला जुनीच आहे म्हणायची! पक्षसुद्धा दोनच. आमच्याकडे बघ, सकाळी कोण कुठे आहे आणि संध्याकाळी कुठे जाईल, काही सांगता येत नाही."

आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. देश एक, संविधान एक, मतदानाची पद्धत एक. मग महाराष्ट्रात इतके पक्ष आणि आमच्या मध्य प्रदेशात दोनच, असे का? आम्ही पदविकाधारक सरकारी नोकर. राज्यशास्त्राचे पंडित नव्हे. शिवाय सेवानियमांनुसार कोणता पक्ष चांगला यावर आम्ही बोलायचे नाही, आणि बोलणारही नाही. पण पक्ष दोनच का उरतात, हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडायला हरकत नसावी.

प्रथम दादांच्या थट्टेचा निकाल लावू. बाजीराव पेशव्यांच्या काळात मराठी फौजा माळव्यात उतरल्या, तेव्हा तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंना १७२८ च्या सुमारास देवास मिळाले. दोघा भावांचे दोन वंश चालले. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली, पण राजधानीचे शहर एकच! भर बाजारातून हद्द गेलेली. इंग्रजांनीही दोन्ही गाद्या मान्य केल्या आणि दोघांना पंधरा-पंधरा तोफांची सलामी दिली. १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी सचिव म्हणून आलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांना या कारभाराची इतकी गंमत वाटली की पुढे १९५३ मध्ये त्यांनी 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक प्रसिद्ध केले.

परंतु ही घरातली वाटणी होती. तीत रयतेला कोणी विचारले नव्हते. १९४८ साली दोन्ही पात्या आणि आमचे धार संस्थान मध्य भारतात विलीन झाले. पात्यांचा आणि पक्षांचा संबंध असता, तर दोन गाद्यांच्या देवासला दोन पक्ष आणि एका गादीच्या धारला एकच पक्ष उरायला हवा होता. तसे झाले नाही. म्हणजे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

आज तरुणांना खरे वाटणार नाही, पण आपल्या भागात सुरुवातीला पक्षांची चांगलीच गर्दी होती. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर चिन्ह चिकटवलेले, आणि मतदाराने आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. त्या निवडणुकीत मध्य भारत विधानसभेच्या ९९ जागांपैकी काँग्रेसला ७५ मिळाल्या. पण हिंदू महासभेला ११, समाजवाद्यांना ४, जनसंघाला ४ आणि रामराज्य परिषदेला २ जागा होत्या. लोकसभेला ग्वाल्हेर आणि गुना या दोन्ही जागा हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे यांनी जिंकल्या. त्यांनी ग्वाल्हेर सोडल्यावर तिथून त्याच पक्षाचे डॉ. ना. भा. खरे निवडून गेले. हे तेच खरे, जे १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान झाले होते. इंदूरने १९६२ मध्ये कामगारपुढारी होमी दाजी यांना लोकसभेत पाठवले. शेजारच्या झाबुआ भागात मामा बालेश्वर दयाल यांनी भिल्लांमध्ये समाजवादी चळवळ रुजवली होती. आणि ज्या कुशाभाऊ ठाकरे यांनी या प्रांतात जनसंघाची संघटना गावोगाव उभी केली, त्यांचा जन्म आपल्या धारचाच, १९२२ सालचा. तेव्हाचा जनसंघ हाही अनेकांतला एक लहान पक्ष होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला. त्यानंतरच्या निवडणुकांचे आकडे आम्ही एका साध्या पद्धतीने मांडून पाहिले. पहिल्या दोन पक्षांच्या जागा बाजूला काढायच्या आणि बाकी किती उरले ते मोजायचे. १९६२ मध्ये २८८ पैकी काँग्रेसचे १४२ आणि जनसंघाचे ४१; बाकी उरले १०५. त्यांत प्रजा समाजवादी ३३, समाजवादी १४, रामराज्य परिषद १०, हिंदू महासभा ६ आणि अपक्ष तब्बल ३९. १९६७ मध्ये बाकी उरले ५१. १९७२ मध्ये २८. आणि १९७७ मध्ये ३२० जागांच्या सभागृहात जनता पक्ष २३० आणि काँग्रेस ८४ वजा केल्यावर उरले फक्त ६! पुढे १९९० मध्ये जनता दलाच्या २८ जागांमुळे हा आकडा एकदा ४४ पर्यंत चढला, पण तो टिकला नाही. २००० मध्ये छत्तीसगड वेगळे झाल्यावर विधानसभा २३० जागांची राहिली. २०१८ मध्ये दोन पक्षांबाहेरचे ७ आणि २०२३ मध्ये केवळ १. भारत आदिवासी पक्षाचा हा एकमेव आमदार आपल्या शेजारच्या रतलाम जिल्ह्यातील सैलाना येथून आला.

१०५ वरून १ वर. ही बाकीची माणसे गेली कुठे?

याचे उत्तर मोरिस दुव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ मध्ये राजकीय पक्षांवरील ग्रंथात देऊन ठेवले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. जिथे एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी जातो आणि ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो, मग ती निम्म्याहून कमी का असेनात, तिथे हळूहळू दोनच मोठे पक्ष उरण्याकडे कल असतो. याची कारणे दोन. पहिले निव्वळ हिशेबाचे: तिसऱ्याला सगळीकडे थोडी थोडी मते मिळाली तर जागा हाती लागत नाही. इंग्लंडमध्ये १९८३ साली मजूर पक्षाला २७.६ टक्के मतांवर २०९ जागा मिळाल्या, आणि तिसऱ्या आघाडीला २५.४ टक्के मतांवर फक्त २३. दुसरे कारण मनाचे: हे पाहून मतदार शहाणा होतो. 'आपला माणूस येणार नाही, मग मत कशाला वाया घालवा,' असे म्हणून तो पहिल्या दोघांतल्या त्यातल्या त्यात बऱ्याकडे वळतो.

हा सिद्धांत आम्हांला पुस्तकापेक्षा मतदान केंद्रावर जास्त समजला. निवडणुकीच्या ड्यूटीवर धार जिल्ह्यातल्या खेड्यांत आम्ही अनेकदा गेलो आहोत. आदल्या दिवशी साहित्य घेऊन बसने गावात पोहोचायचे, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचे आणि पहाटे उठून एजंटांसमोर मॉकपोल घ्यायचा. मशीनवर उमेदवारांची नावे आठ-दहा असतात. पण खोलीत एजंट बसलेले असतात दोनच! बाकीच्यांकडे प्रत्येक बूथवर बसवायला माणूस नसतो, गावात मतदारयादी घेऊन फिरणारा कार्यकर्ता नसतो. मतदार आत येतो, बाकांकडे एक नजर टाकतो आणि काय ते समजतो. मशीनवर कितीही बटणे असोत, लढत किती जणांत आहे हे त्याला आधीच कळलेले असते.

त्यात धारच्या मतदाराला तर मताची किंमत कोणी शिकवायला नको. २००८ च्या विधानसभा निवडणुकीत धारचा निकाल लागला तो एका मताने. एका! पुढे प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. त्याच महिन्यात राजस्थानात नाथद्वाऱ्याचा निकालही एका मतानेच लागला होता. ज्या गावाने आपल्या डोळ्यांनी असा निकाल पाहिला, तिथे तिसऱ्याला मत देण्याचे धाडस कोण करील?

मग पुन्हा दादांचा प्रश्न उरतोच. हीच पद्धत महाराष्ट्रात आहे, हीच उत्तर प्रदेशात आहे. तिथे दोनच पक्ष का नाहीत? २००७ मध्ये उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्षाने सुमारे ३० टक्के मतांवर ४०३ पैकी २०६ जागा जिंकल्या, कारण बाकीची मते अनेकांत वाटली गेली होती. महाराष्ट्रात २०१९ मध्ये भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४ असे चार मोठे पक्ष होते. पुढे त्यांतल्या दोघांचे दोन-दोन झाले आणि सहा झाले.

आम्हांला वाटते, याची किल्ली अशी आहे की दोनाचा नियम राज्याला नव्हे, मतदारसंघाला लागतो. महाराष्ट्रातही निवडणुकीआधी युती आणि आघाडी जागा वाटून घेतात आणि बहुतेक मतदारसंघांत मुख्य लढत दोघांतच होते. फक्त ते दोघे सगळीकडे तेच नसतात. कुठे शेतकरी कामगार पक्षाचा जुना बालेकिल्ला, कुठे १९६६ साली मुंबईत जन्मलेल्या शिवसेनेचा जोर, कुठे साखर कारखान्यांच्या पट्ट्यातले राजकारण. प्रत्येक प्रदेशाची जोडी वेगळी, म्हणून राज्याची बेरीज मोठी दिसते. मध्य प्रदेशात भिंड-मुरैनापासून आमच्या बडवानीपर्यंत बहुतेक ठिकाणी जोडी एकच.

याचे कारण इतिहासात आहे. मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल असे चार तुकडे जोडून हे राज्य झाले. माळवी, निमाडी, बुंदेली, बघेली बोलणाऱ्यांना एकत्र बांधणारी मराठी किंवा तमिळसारखी एक अस्मिता इथे नव्हती. संयुक्त महाराष्ट्रासारखे आंदोलनही झाले नाही. प्रादेशिक पक्ष उभा राहायला जी जमीन लागते, ती इथे तुकड्या-तुकड्यांची निघाली. मग चारही तुकड्यांत हजर असतील असे दोनच पक्ष उरले, आणि दोघेही अखिल भारतीय.

आता त्या १०५ जणांचे काय झाले? ते मेले नाहीत; ते सामावले गेले. १९६७ मध्ये काँग्रेस फुटून संयुक्त विधायक दलाचे सरकार आले, तेव्हा एकत्र येण्याचा पहिला धडा सर्वांनी गिरवला. आणीबाणीनंतर जनसंघ, समाजवादी, संघटना काँग्रेस आणि लोकदल एका जनता पक्षात विरघळले. १९७७ मध्ये देवास जिल्ह्यातील बागलीचे कैलाश जोशी मुख्यमंत्री झाले. १९८० मध्ये जनता पक्ष मोडला, ६ एप्रिलला भारतीय जनता पक्ष स्थापन झाला. जनसंघाच्या मंडळींना नवे घर मिळाले, पण समाजवाद्यांना आपले जुने घर पुन्हा बांधता आले नाही. त्यांचे कार्यकर्ते दोहोंकडे वाटले गेले. पुढेही तेच. माजी मुख्यमंत्री उमा भारती यांच्या भारतीय जनशक्ती पक्षाला २००८ मध्ये ५ जागा मिळाल्या, आणि २०११ मध्ये तो पक्ष भाजपमध्ये विलीन झाला. आपल्या धार जिल्ह्यात आदिवासी तरुणांची 'जयस' संघटना जोमाने उभी राहिली, आणि तिचे नेते डॉ. हिरालाल अलावा २०१८ मध्ये मनावरहून निवडून आले ते काँग्रेसच्या तिकिटावर. दोन्ही मोठी घरे सारखीच पाहुणचार करतात. तिसऱ्याला दारात उभे ठेवत नाहीत. आत बोलावून ताटावर बसवतात. फक्त त्यानंतर स्वयंपाक काय करायचा हे यजमान ठरवतो.

हे चांगले की वाईट? संविधान सभेत हा वाद झालेला आहे. ४ जानेवारी १९४९ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीसाठी दुरुस्ती मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. अशा पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते, आणि तिच्यामुळे सभागृहाचे तुकडे होऊन सरकार टिकणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्या काळातली आपल्याकडची निरक्षरता आठवली म्हणजे त्यांचे म्हणणे पटते. आणि स्थिर सरकारचा फायदा आम्हां कर्मचाऱ्यांहून जास्त कोणाला कळणार? सारखे मंत्री बदलले की फायली पुन्हा पहिल्यापासून फिरतात.

पण दुसरी बाजूही आहे. २०१८ मध्ये आपल्या राज्यात भाजपला ४१.०२ टक्के आणि काँग्रेसला ४०.८९ टक्के मते पडली. जागा मात्र १०९ आणि ११४. न्यूझीलंडमध्ये १९८१ साली एका तिसऱ्या पक्षाला सुमारे २० टक्के मते मिळून ९२ पैकी फक्त २ जागा मिळाल्या. त्याआधी आणि त्या वर्षीही, जास्त मते मिळवणारा पक्ष विरोधात बसला. तिथल्या लोकांना हे खटकत राहिले. शेवटी १९९३ मध्ये सार्वमत घेऊन त्यांनी पद्धत बदलली, आणि १९९६ पासून तिथे अनेक पक्ष मिळून सरकार चालवतात. म्हणजे दोनच पक्ष असणे हा काही सृष्टीचा नियम नव्हे. मोजण्याची रीत बदलली की मोजणीचे उत्तरही बदलते.

हे सगळे आपल्या मराठी समाजाच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. कारण आहे. आम्ही इथे तीनशे वर्षे आहोत. कधी राज्यकर्ते होतो, आज थोडेसे आहोत. थोड्यांचे म्हणणे दोन मोठ्या घरांत किती ऐकू जाते, हा आपलाही प्रश्न आहे. आणि त्याहून जवळचा एक अनुभव सांगायचा आहे. तो आमच्याच चुकीचा आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात पार्षदाच्या निवडणुकीला एक सेवानिवृत्त शिक्षक अपक्ष उभे राहिले होते. नाली आणि नळाचे पाणी, इतकेच त्यांचे मुद्दे. मोहल्ल्यातली निम्मी मुले त्यांच्या हाताखालून गेलेली. मतदानाच्या दिवशी आम्ही मशीनसमोर उभे राहिलो. मनात गुरुजी होते. पण 'ते काही येत नाहीत' असे म्हणून आम्ही दुसरेच बटण दाबले. गुरुजींची अनामत जप्त झाली. त्या वर्षी गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना विषय निघाला. एक काका म्हणाले, "मला खरं तर गुरुजींनाच द्यायचं होतं." दुसरे म्हणाले, "मलाही." वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरात तर चौघांच्याही मनात तेच होतं, पण मत वाया गेलं असतं ना!" आम्ही मोजत गेलो. त्या एका मंडपात जितकी माणसे असे म्हणाली, तेवढ्यांनी जरी आपापल्या मनासारखे केले असते, तरी गुरुजींची अनामत नक्की वाचली असती. कदाचित आणखी काही झाले असते. गुरुजी शेजारीच उभे होते. ते फक्त हसले आणि म्हणाले, "अरे, मग आधी एकमेकांशी बोलायचं होतं."

दुव्हर्जेच्या ग्रंथापेक्षा आम्हांला हे वाक्य मोठे वाटते. तिसरा पडतो तो लोकांना नको असतो म्हणून नव्हे. तो पडतो, कारण प्रत्येक जण शेजाऱ्याच्या मनाचा अंदाज एकट्याने बांधतो आणि तो अंदाजच मग निकाल होतो. कायदा बदलणे आपल्या हातात नाही. मशीनवर कोणते बटण दाबायचे ते ज्याचे त्याने ठरवावे; दोघांतला एक खरोखर आवडत असेल तर त्यालाच द्यावे. पण मतदानाआधी शेजाऱ्याशी मोकळेपणाने बोलणे, तिसऱ्याचे म्हणणे निदान ऐकून घेणे, हे तर आपल्या हातात आहे? सार्वजनिक गणेशोत्सव चार माणसांनी एकत्र येऊन बोलावे म्हणूनच तर वाढला.

दादांना आम्ही हे सगळे फोनवर सांगितले. ते म्हणाले, "लिहून काढ." म्हणून लिहिले. गुरुजी आता आपल्यात नाहीत. यंदाच्या आरतीला त्यांची आठवण ठेवू.

गणपती बाप्पा मोरया!